कुंदा मुळ्येची वाकलेली रेघ

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पंखे दोन होते आणि फिरायचा त्यातला एक. उन्हाळ्यात त्या पंख्याखालच्या खुर्च्यांवरून रुसवेफुगवे व्हायचे. कुंदा मुळ्ये ऐन परीक्षांच्या दिवसांत रुजू झाली आणि पहिल्याच दुपारी सरळ पश्चिमेच्या खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. उज्जैनचं मे महिन्यातलं ऊन तिच्या डाव्या हातावर, मांडीवर, अर्ध्या चेहऱ्यावर पडलेलं. मी थोडा वेळ वाट पाहिली. ती हलेना.

"मुळ्ये मॅडम, इकडे सरका नं. तिथं ऊन लागून राहिलंय तुम्हाला."

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. कातडी लाल झाली होती.

"हो का," ती म्हणाली. "लागतंय खरं." आणि तिथंच बसून राहिली.

मी केमिस्ट्री शिकवायचे, ती फिजिक्स शिकवायला आली होती. मुलींचं सरकारी कॉलेज. प्राचार्यांनी ओळख करून देताना सांगितलं, "मैडम हॉलैंड से रिसर्च करके आई हैं, अंतरिक्ष पर." टाळ्या वाजल्या. कुंदानं हात जोडले आणि विचारलं, "माझा टाइमटेबल कुठं मिळेल?"

हॉलंडमध्ये ती काय करायची ते मला हळूहळू कळलं. पृथ्वीभोवती फिरणारी एक दुर्बीण होती, उजेडाऐवजी उष्णता टिपणारी. तिनं धाडलेल्या माहितीत पृथ्वीच्या आसपास फिरणारे लघुग्रह शोधायचं काम कुंदानं काही वर्षं केलं होतं. मग इथं तिचे वडील अर्धांगानं पडले आणि ती परत आली. तिथं आणखी काही घडलं होतं का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण वडिलांच्या आजारपणानं माणूस दमतं, हे तसं नव्हतं. आतली वीज कुणीतरी मेन स्विचपासून बंद केल्यासारखी ती होती. रागवायची नाही, चिडायची नाही, तिला कशाचं कौतुक नव्हतं. एकदा ती दोन वेगवेगळ्या चपला घालून आली. मुली तोंडावर ओढण्या धरून हसत होत्या. मी सांगितल्यावर तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही माझ्याच आहेत."

आमचं गाव असं की आकाशाचं नाव काढलं की लोक पत्रिका बाहेर काढतात. कुंदा आल्याचं पसरलं तशी स्टाफमधली मंडळी एकेक करून तिच्याकडे यायला लागली. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कुणाची बदली अडकली होती. "मला यातलं कळत नाही हो," एवढंच ती सांगायची. हिस्ट्रीच्या एक जोशी मॅडम हटूनच बसल्या, "पण शनीबद्दल काहीतरी सांगाल की नाही?" कुंदा म्हणाली, "शनी मी दुर्बिणीतून पाहिलाय. छान आहे." जोशी मॅडम महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. ते कुंदाच्या लक्षातही आलं नाही.

शिकवताना मात्र ती वेगळी असायची. वेगळी म्हणजे आनंदी नव्हे, जागी. प्रॅक्टिकलला एखाद्या मुलीनं घाईनं रीडिंग लिहिलं की ती तिच्या मागे जाऊन उभी राहायची. "दिखा?" "जी मैडम." "दिखना और मिलना अलग बात है. फिर से देखो." मुली पुन्हा बघायच्या. भैरवगढहून येणाऱ्या दोघीतिघी होत्या, घरी कापड रंगवायचा धंदा, नखांत निळा रंग बसलेला. त्यांच्यावर कॉलेजात कुणी वेळ घालवायचं नाही. कुंदा घालवायची. त्यांचं लग्न ठरलं की गप्प बसायची, नाही ठरलं की पुढचं पुस्तक द्यायची.

एका वर्षी, घराघरांत केबल आली त्या सुमाराला, कुठल्याशा चॅनेलवर सांगितलं की आकाशातून एक भला मोठा दगड येतोय आणि पृथ्वीवर आदळणार आहे. चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या फ्रीगंजातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुंदाचं व्याख्यान ठेवलं. तिला आणायची जबाबदारी माझी. ती आली, माइक हातात घेतला आणि वीज गेली. गॅसबत्त्या येईपर्यंत तिनं तसंच बोलायला सुरुवात केली.

"घरात तवा काळा असतो," ती म्हणाली. "दिवे गेले तर तो दिसणार नाही. पण नुकताच चुलीवरून उतरवला असेल तर हात जवळ नेल्यावर कळतं, इथं आहे. हे दगड तव्यासारखे आहेत. कोळशाइतके काळे. उजेडात शोधले तर हातातून निसटतात. पण सूर्यानं तापलेले असतात. त्यांची धग ओळखणारी दुर्बीण हवी. ती जमिनीवर ठेवून भागत नाही, कारण आपली हवाच गरम आहे, शिवाय ती बरीचशी धग अडवते. म्हणून हवेच्या वर न्यायची."

बायका माना डोलवत होत्या. इतकं सरळ कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मग पहिल्या रांगेतले एक निवृत्त मॅनेजर उठले.

"ताई, ते राहू द्या. हा आपटणार का, ते सांगा."

"हा नाही आपटणार."

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. तिथंच ती थांबली असती तर हार घालून आम्ही घरी गेलो असतो.

"पण कधीतरी कुठला तरी आपटेल," ती म्हणाली.

"कधी?"

"माहीत नाही. सगळे अजून सापडलेले नाहीत."

"मग आपण करायचं काय?"

"बघत राहायचं. आधी सापडला तर काही करता येईल."

आरती झाली, प्रसाद झाला. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी आपण भावगीतं ठेवू."

तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती तिला ताप भरला म्हणून. कॉलेजातून रिक्षात घालून तिला पोचवायला गेले. नानाखेड्याकडच्या एका कॉलनीत बैठं घर, पुढच्या खोलीत खाटेवर नाना. रेल्वेत गार्ड होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं निम्मं तोंडातच राहायचं. आम्ही आत शिरलो तसे ते मान वळवून म्हणाले,

"आक्का, सिग्नल मिळाला?"

"मिळाला, नाना. हिरवा आहे," कुंदा म्हणाली. तिचं अंग तापानं फणफणत होतं. तिनं पदर खोचला, त्यांना उठवून बसवलं, तोंड पुसलं, पपई कुस्करून चमच्यानं भरवायला लागली. नानांनी तोंड उघडलं. सिग्नल मिळाल्याशिवाय ते खायचे नाहीत, असं मला नंतर कळलं.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, केव्हाच वारलेली. मुलीला ते ओळखत नव्हते.

"तुला वाईट नाही वाटत?" चहा करता करता मी विचारलं. तोवर आम्ही अगंतुगंवर आलो होतो.

"आक्कावर त्यांचा फार जीव होता," कुंदा म्हणाली. "कुंदावर इतका नव्हता. बरंच आहे की."

मी चहा गाळला.

पुढं कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दारात चपला काढायच्या, कॉम्प्युटरवर कापडी झूल. देवघरच म्हणा. प्राचार्यांना तो वापरणारं कुणी सापडेना, म्हणून किल्ली कुंदाकडे आली. हॉलंडमधली तिची मैत्रीण मारिके तिला पोस्टानं सीडी पाठवायची. त्यात अवकाशातल्या आणखी एका दुर्बिणीनं काढलेली चित्रं असायची. ही दुर्बीण उजेड टिपणारी. काम तिचं फार दूरचं बघायचं, कोट्यवधी ताऱ्यांच्या दीर्घिका वगैरे. कधी कधी चित्र घेता घेता मधूनच एखादा लघुग्रह जायचा आणि चित्रावर रेघ उमटायची. ज्यांना दूरचं बघायचं असे, त्यांच्या लेखी ते चित्र बिघडलेलं. अशी बिघडलेली चित्रं कुंदा मागवून घ्यायची.

तास संपले की ती त्या खोलीत जाऊन बसायची. मला एसीचा मोह, म्हणून मीही पेपर तपासायला तिथं जायचे. एका दुपारी ती म्हणाली, "विद्या, इकडे ये."

काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके आणि त्यांच्यामधून गेलेली एक बारीक रेघ. रेघ सरळ नव्हती. धनुष्यासारखी वाकली होती.

"वाकडी का आहे?"

ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. समोर कडुनिंबाचं झाड, त्याच्या पलीकडे दूर बंद पडलेल्या मिलची चिमणी.

"झाडाकडे बघत बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल."

मी चालले. शिपाई बघत होता. झाड चिमणीच्या डावीकडून उजवीकडे सरकलं.

"झाड हललं का? तू हललीस. चिमणी दूर आहे म्हणून जागची हलल्यासारखी वाटत नाही, झाड जवळ आहे म्हणून वाटतं. ती दुर्बीण पृथ्वीभोवती गोल फिरते, चित्र घेताना पण फिरतच असते. दूरच्या ताऱ्यांना फरक पडत नाही. जवळून काही जात असलं की दुर्बिणीच्या फिरण्यानं त्याची रेघ वाकते. जितकं जवळ, तितकी जास्त वाकते."

"मग हा?"

"हा खूप जवळ होता."

"होता म्हणजे?"

"चित्र जुनं आहे. तो येऊन गेला. कुणाला कळलं नाही."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं ती हसेल, निदान बोलताना श्वास तरी भरभर होईल. तसं काही नव्हतं. पण पुढचे कित्येक दिवस ती त्या रेघेवर बसून होती. टोकं कुठं, मधला बाक किती, कुठल्या ताऱ्यापासून किती अंतरावर, सगळं पुन्हा पुन्हा मोजलं आणि मारिकेला कळवलं.

तिकडून उत्तर आलं की मोजणी चोख आहे, पण चित्रं सगळी एकाच वेळची. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो दिसल्याशिवाय त्याचा मार्ग काढता येत नाही. त्याला लघुग्रहांच्या यादीत नंबर मिळणार नाही. असल्याला ते हरवलेला म्हणतात.

"इतकं करून हरवला?" मी म्हटलं.

"तो हरवलेला नाही," कुंदा म्हणाली. "तो त्याच्या वाटेनं चाललाय. वाट आपल्याला माहीत नाही." आणि दुसरी सीडी लावली.

त्या मोजणीमुळे एक मात्र झालं. मारिकेच्या गटानं एका नव्या दुर्बिणीचा प्रस्ताव मांडला होता, नुसती पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधण्यासाठी अवकाशात ठेवायची दुर्बीण. मारिकेनं कुंदाला बोलावलं. जागा धरून ठेवते, पावसाळा संपेपर्यंत ये, म्हणाली. नागपूरहून कुंदाचा भाऊ श्रीकांत आला. चांगला माणूस होता. त्यानं तिकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता.

"नानांना मी बघतो, ताई. तू जा. ते तुला ओळखत पण नाहीत."

"नको," कुंदा म्हणाली.

श्रीकांत रात्रीच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "वडिलांसाठी किती करशील गं?" मला भरून आलं होतं. तिनं डब्यातल्या पोळीचा तुकडा लोणच्याला लावला, तोंडात घातला, चावून संपवला.

"विद्या, मला मोठं करू नकोस," ती म्हणाली. "नाना निमित्त आहेत. मला कुठंच जावंसं वाटत नाही. इथं राहावंसं पण वाटत नाही. नाना आहेत म्हणून सकाळी उठते, एवढंच."

पुढं त्या नव्या दुर्बिणीला मंजुरीच मिळाली नाही. तेही तिनं मला असंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं.

नाना गेले त्या दुपारी ती कॉम्प्युटरच्या खोलीत होती. घरी सांभाळायला बाई होती, तिनं शेजाऱ्यांकडून फोन करवला. शिपाई धावत आला, दारातच थबकला, "मैडम, घर से फोन है, बाबूजी..." कुंदानं मान हलवली. काम सेव्ह केलं. कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर झूल घातली, कोपरे सारखे केले, एसी बंद केला. चपला घातल्या. मला म्हणाली, "चल."

श्रीकांतला यायला वेळ लागणार होता आणि नानांना तसं ठेवणं तिला बरं वाटेना. क्षिप्रेच्या काठी चक्रतीर्थाच्या स्मशानात गुरुजींनी विचारलं, "बेटा नहीं है? कोई भतीजा?" पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुंदा पुढं झाली. "मैं करूँगी. क्या करना है, बताइए." गुरुजी घुटमळले, मग सांगू लागले. ती त्यांनी सांगितलं तसं सगळं करत गेली, प्रॅक्टिकल करावं तसं, एकही पायरी न चुकवता. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बायकांनी ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

दिवसपाणी झाल्यावर ती कॉलेजात आली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो.

"मला वाईट वाटायला हवं, नाही का?" तिनं विचारलं.

"वाटेल गं. वेळ लागतो कधी कधी."

"मी वाट बघून राहिलेय," ती म्हणाली. "घरी गेल्यावर खाटेकडे बघते. काहीच होत नाही. मी वाईट आहे का गं?"

मी नाही म्हटलं. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

त्यानंतर दोनएक वर्षं गेली. फ्रीगंजात गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. एका सकाळी मी मुलाचा निकाल बघायला तिथं गेले, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुंदा. पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. ती तो वाचून झाल्यावरही बघत बसली होती.

"काय गं?"

"मारिकेची मेल आहे."

तिनं सावकाश सांगितलं. अमेरिकेतल्या एका दुर्बिणीला अलीकडे एक लघुग्रह सापडला होता. चांगला मोठा, एखादं शहर सहज उद्ध्वस्त करील एवढा. थोड्याच दिवसांच्या मोजण्या हातात होत्या, त्यावरून त्याची वाट नक्की ठरत नव्हती आणि काही दशकांनी तो पृथ्वीवर येऊन आदळण्याची थोडी शक्यता उरत होती. पेपरात काही आलं नव्हतं, पण त्या कामातल्या माणसांचे चेहरे उतरले होते. मग त्यांनी त्याची वाट उलटी मोजत मागं नेली. हा पूर्वी कुठं असेल, कुणाच्या जुन्या चित्रात सापडतोय का, ते बघायला. मारिकेनं तारीख आणि जागा पाहिली आणि तिला कुंदाची रेघ आठवली.

"तोच?" मी विचारलं.

"तोच. माझं मोजमाप त्यांनी हिशेबात घातलं. इतक्या वर्षांपूर्वीची जागा मिळाल्यावर वाट पक्की झाली." ती थांबली. "येत नाहीये."

"कोण?"

"तो. माझा. लांबून जातो. चांगला लांबून."

कॅफेत कुणीतरी पोरगं मोठ्यानं गाणं लावून बसलं होतं. कुणालाच काही माहीत नव्हतं. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. तो गार होता. ती म्हणाली, "विद्या, मला झोप येतेय."

माझं घर जवळ होतं. ती आली, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली आणि पाणी आणेपर्यंत झोपली. तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला. दुपार झाली, मुलं शाळेतून आली, दंगा करून खेळायला गेली. ती उठली नाही. सासूबाईंनी तिच्या अंगावर चादर घातली. दिवेलागणीला ती उठून बसली, इकडे तिकडे पाहिलं, म्हणाली, "भूक लागलीय." सासूबाईंनी आमटीभात वाढला. तिनं पुन्हा मागून घेतला. ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी कधीपासून झोपली नव्हती कोण जाणे."

त्याच वर्षी माझी खंडव्याला बदली झाली. सामान घेऊन घरचे पुढं गेले होते, मी मागाहून एकटी इंदूरमार्गे निघाले. नानाखेड्याच्या स्टँडवर कुंदा निरोप द्यायला आली. तिचे डोळे सुजले होते, नाक लाल होतं. सर्दी झाली असेल असं मला वाटलं. मी खिडकीत बसले होते, ती खाली उभी.

"काल नाना गेले," ती म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर वाकले.

"पपई आणली होती. कापली, बिया काढल्या. एकदम बघते तर मी कुस्करून राहिले होते. अर्धी वाटी झाली होती. मग..." तिला पुढचं बोलता येईना. तिनं पदर तोंडाला लावला, काढला. "तिथंच खाली बसले. शेजारी नवीन भाभी आल्यात राहायला, त्यांना आवाज गेला. धावत आल्या बिचाऱ्या. क्या हुआ, क्या हुआ, करून राहिल्या. मी म्हटलं, पिताजी नहीं रहे. त्या म्हणाल्या, हे राम, कब?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टर दारात लोंबकळत इंदूर, इंदूर ओरडत होता.

"तू काय सांगितलंस?" मी मोठ्यानं विचारलं.

"अभी," कुंदा म्हणाली. "मी म्हटलं, अभी गए."

बस मागं सरकली. कुंदाच्या मागून देवासची गाडी येत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवून "मैडम, हटो, हटो" ओरडत होता. ती दोन बसच्या मध्ये, सगळ्यांच्या वाटेत उभी होती. दोन्ही हातांनी पदर तोंडावर धरून, भर गर्दीत, लहान मुलीसारखी रडत होती आणि हटत नव्हती.